क्लिंगॉन जहाजावरचा फर्स्ट ऑफिसर: नवीन खेळाडूंनी खुर्चीत बसण्याआधी वाचावं असं

आमच्या ठाण्याच्या रविवारच्या टेबलवर (पात्रं वाटून घेऊन, डाइस म्हणजे फासे टाकत, गोष्ट रचायचा रोल-प्लेइंग गेम असतो) नवीन माणूस आला की बहुतेक वेळा त्याच्या हातात फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे कॅप्टनखालच्या दुसऱ्या नंबरच्या अधिकाऱ्याची, कॅरॅक्टर शीट (पात्राची माहिती लिहिलेला कागद) पडते. कॅप्टन व्हायला जुन्यांची रांग लागलेली असते, इंजिनिअरला नियम पाठ लागतात. दुसऱ्या नंबरच्याने काय, कॅप्टन सांगेल त्याला मान डोलवायची, असा सार्वत्रिक समज. इतर कुठल्या स्पेसशिपवर तो खपून जाईलही. क्लिंगॉन जहाजावर मात्र सगळ्यात अवघड खुर्ची हीच आहे, आणि ती नवख्याच्या गळ्यात मारणं हा आमच्याकडचा जुना आगाऊपणा आहे. तो बंद होईल असं वाटत नाही, म्हणून निदान हे लिहून ठेवते.

ज्यांना अजिबातच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: क्लिंगॉन म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या अवकाशातल्या टीव्ही मालिका-चित्रपटांमधली लढवय्यी जमात. 1967 साली पहिल्यांदा टीव्हीवर आली तेव्हा ती बऱ्यापैकी माणसासारखीच दिसायची. कपाळावरचे ते कंगोरे 1979 च्या चित्रपटात आले. मान, घराणं, शपथ आणि लढाईतलं मरण या चार गोष्टींवर त्यांचं सगळं चालतं. आणि त्यांच्या जहाजावर एक नियम आहे, जो ऐकला की नवख्यांचे डोळे चमकतात: कॅप्टन दुबळा झाला किंवा काम करेनासा झाला, तर त्याला ‘निवृत्त’ करणं हे फर्स्ट ऑफिसरचं कर्तव्य. निवृत्त म्हणजे ठार.

हे ऐकून लोक पहिल्याच सेशनला कॅप्टनला उडवतात. वाक्य मात्र तिथे संपत नाही. त्याच कारणासाठी सेकंड ऑफिसरने फर्स्ट ऑफिसरला मारायचं असतं. म्हणजे चहा यायच्या आत तुम्ही कॅप्टन झालात, तर वडापाव यायच्या आत तुमच्या पाठीमागचा माणूस हिशेब मांडू लागलेला असतो, आणि संध्याकाळपर्यंत जहाज चालवायला जीएमचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरचे, एनपीसी (त्यानेच हलवायची पात्रं) तेवढे उरतात.

पायरी 1: दोन भाग बघून या

सगळी मालिका बघायची गरज नाही. दोन भाग पुरतात, पण ते लक्ष देऊन बघा.

पहिला ‘अ मॅटर ऑफ ऑनर’, 1989 सालचा. अदलाबदलीच्या कार्यक्रमात रायकर हा माणूस ‘पाग’ नावाच्या क्लिंगॉन जहाजावर फर्स्ट ऑफिसर म्हणून जातो. तिथला कॅप्टन कार्गन शीघ्रकोपी. पागच्या बाहेरच्या पत्र्याला धातू खाणारे जिवाणू लागलेले सापडतात आणि कार्गन ठरवून टाकतो की हे रायकरच्याच जुन्या जहाजाचं, म्हणजे एंटरप्राइझचं काम. आता हल्ला करायचा. रायकरने पागशी शपथ घेतलेली आहे, आणि मित्र समोरच्या जहाजावर आहेत. तो दोन्ही बाजूंना कसा सांभाळतो ते बघाच, पण नजर शेवटच्या प्रसंगावर ठेवा. त्याबद्दल पुढे येतेच.

दुसरा ‘सोल्जर्स ऑफ दि एम्पायर’, 1997 चा. मार्टोक हा क्लिंगॉन सेनापती जेम्हडार नावाच्या शत्रू सैनिकांच्या कैदेतून सुटून आलेला. त्याला ‘रोटारन’ नावाचं जहाज मिळतं, आणि वॉर्फ हा क्लिंगॉन त्याचा फर्स्ट ऑफिसर होतो. जहाजावरचे लोक हरून हरून आंबलेले, मार्टोक मनातून धास्तावलेला. तो चकमक टाळतो, पुन्हा टाळतो. लोक बिथरतात. फर्स्ट ऑफिसरचं काम शिकायचं असेल तर याहून चांगला धडा मला माहीत नाही.

पायरी 2: शपथ नक्की कुणाशी, ते आधी ठरवा

खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत जीएमला आणि कॅप्टनच्या खेळाडूला समोर बसवून विचारा: माझी निष्ठा माणसाशी, जहाजाशी, की साम्राज्याशी? तिन्हींशी, असं उत्तर आलं तर ते मान्य करू नका. सगळं सुरळीत असताना तिन्ही एकच असतात. खेळाला रंग चढतो तो ती वेगळी पडतात तेव्हा. रायकरने हे स्वतःपुरतं ठरवलेलं होतं. पागसाठी लढेन, पण एंटरप्राइझची गुपितं सांगणार नाही. जुन्या शपथेशी गद्दारी करणारा नवी शपथही पाळणार नाही, हे क्लिंगॉनांना पटतं.

तुमचं उत्तर कॅरॅक्टर शीटच्या मागे एका ओळीत लिहा. चौथ्या-पाचव्या सेशनला ती ओळ तुम्हाला वाचवेल.

याच बैठकीत अंगाला हात लावायचा की नाही, ओरडायचं किती, कुणाला काय चालत नाही हेही उरकून घ्या. आमच्याकडे अंगाला हात नाही. तीनच शब्द, त्यावर चर्चा नाही.

पायरी 3: सेकंड ऑफिसरशी आधी मिटवा

पागवर रायकर पाऊल ठेवतो आणि सेकंड ऑफिसर क्लॅग त्याची निष्ठा जोखायला लागतो. रायकर कॅप्टनकडे तक्रार करत नाही. तिथल्या तिथे क्लॅगला धरून आपटतो, आणि विषय संपतो. नंतर हेच दोघे जेवणाच्या टेबलावर हसतखिदळत बसतात, क्लॅग आपल्या बापाबद्दल बोलतो. बाप रोम्युलन या शत्रू जमातीच्या कैदेतून निसटून आला, आता घरी मरणाची वाट बघत बसलाय, आणि मुलाला त्याची लाज वाटते. आपटाआपटी झाली नसती तर ही गोष्ट रायकरच्या कानावर कधीच आली नसती.

टेबलवर याचा अर्थ एवढाच, की पहिल्याच सेशनमध्ये सेकंड ऑफिसर तुम्हाला टोचणार. ते अंगाला लावून घेऊ नका, समोरचा आपलं काम चोख करतोय. जीएमकडे बघू नका, ‘असं चालतं का?’ विचारू नका. लगेच, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात उत्तर द्या, आणि सेशन संपायच्या आत त्याच्याशी एक प्रसंग निवांत खेळा. त्याचं घराणं विचारा. तुमच्या पाठीमागे जो माणूस सुरा घेऊन उभा राहणार आहे, त्याची दुखरी नस तुम्हाला माहीत असलेली बरी.

पायरी 4: रोजचं काम

हे कुणी सांगत नाही, कारण यात चमकदार काही नाही. पाळ्या लावणं, भांडणं सोडवणं, कुणाला शिक्षा करायची आणि कुणाकडे काणाडोळा करायचा ते बघणं, हे सगळं तुमच्या माथी. कॅप्टन हुकूम देतो, तो जहाजभर तुम्ही पोचवता. कॅप्टन म्हणाला, ‘वेग वाढवा’, की तुम्ही इंजिनिअरचं नाव घेऊन, आकडा सांगून, तो परत वदवून घ्यायचा. यात दुहेरी फायदा आहे. बाकीच्या खेळाडूंना बोलायला जागा मिळते, आणि हुकूम फसला तर तो मधल्या मध्ये कुणी बिघडवला हे आपोआप कळतं.

मराठीत खेळताना आम्हाला एक सोय झाली आहे, ती इंग्रजीत खेळणाऱ्यांना नाही. कॅप्टन सगळ्यांना ‘तू’ म्हणतो. कॅप्टनला सगळे ‘तुम्ही’ म्हणतात, अगदी कडाडून भांडतानासुद्धा. फर्स्ट ऑफिसरने भर ब्रिजवर (जहाजाच्या नियंत्रण-कक्षात) कॅप्टनला ‘तू’ म्हटलं की आव्हान दिलं गेलं. माघार नाही. त्यामुळे जीभ जपा. कॅप्टनचा खेळाडू तुमचा कॉलेजातला मित्र असेल तर जास्तच जपा. ‘अरे तू जरा थांब ना’ एवढ्यावरून आमच्याकडे द्वंद्व व्हायची वेळ आलेली आहे.

पायरी 5: कॅप्टनला जोखणं

इथे घाई करू नका. सगळा खेळ इथेच आहे.

दहीहंडीत वरच्या थरावरच्या पोराचा पाय थरथरायला लागला की रस्त्यावरच्या गर्दीला ते उशिरा दिसतं, पण ज्याच्या खांद्यावर तो पाय आहे त्याला तत्क्षणी कळतं. फर्स्ट ऑफिसर तो खांदा आहे. थरथर कळणं हे तुमचं पहिलं काम, आणि ती भीतीची की नुसती वाऱ्याची, हे ओळखणं दुसरं.

नवखे लोक माघारीला दुबळेपणा समजतात. माघार हे पुरेसं कारण नाही. क्लिंगॉन जहाजं क्लोक करून, म्हणजे अदृश्य होऊन फिरतात. क्लोकमध्ये असताना ढाली नसतात आणि एरवी गोळीही झाडता येत नाही. झाडायची तर समोर प्रकट व्हावं लागतं. तेव्हा तास न् तास अंधारात दबा धरून बसलेला कॅप्टन भित्रा असेलच असं नाही, तो कदाचित शिकार करतोय. त्याला विचारा, ‘कशाची वाट बघताय?’ उत्तर असेल तर तो शिकारी. उत्तर म्हणून शिवी आली, तरीही बहुधा शिकारीच. पण तो विषय बदलून पाळ्यांच्या याद्या मागायला लागला, की समजा थरथर सुरू झाली.

मार्टोकचं तसंच होतं. त्याच्या प्रत्येक माघारीला कारण होतं, आणि सुटं सुटं घेतलं तर प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. हरवलेलं जहाज कार्डेशियनांच्या, म्हणजे शत्रूच्या, हद्दीत आहे, तिकडे जाणं धोक्याचं, सापळा असू शकतो. सगळं खरं. पण सगळी कारणं एकाच दिशेला, घराकडे, बोट दाखवत होती.

कार्गनचा प्रकार उलटा. तो माघार घेत नाही. तपास न करता तो हल्ला करायला निघतो, आणि हा आडदांडपणाही दुबळेपणाच आहे. टेबलवर तो ओळखायला जास्त अवघड जातो, कारण त्या वेळी सगळे खेळाडू जोशात असतात, डाइस हातात असतात, आणि ‘थांबा, पुरावा काय?’ विचारणारा माणूस रसभंग करणारा ठरतो. तरी विचारा. क्लिंगॉन मूर्ख नाहीत.

तिसरा नमुना गाउरॉन. तो तर साम्राज्याचा चान्सलर, म्हणजे प्रमुख. मार्टोकची लोकप्रियता वाढलेली त्याला खुपते, म्हणून तो त्याला मुद्दाम हरणाऱ्या मोहिमांवर पाठवत राहतो. इथे भीतीही नाही आणि घाईही नाही. स्वतःच्या खुर्चीसाठी जहाजं नि माणसं खर्ची घालणं आहे. शेवटी वॉर्फ त्याला मारतो, आणि चान्सलरपद स्वतःकडे न ठेवता मार्टोकला देतो. माझ्या मते तिघांपैकी सुरा खरोखर चालवायलाच हवा असा हा एकटाच. बाकीच्या दोघांना दुसरे उपाय होते, आणि त्यांच्या फर्स्ट ऑफिसरांनी ते शोधले.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगते, कारण नियमापेक्षा तो बरा समजतो. कॅप्टन खेळणारा ऐरोलीचा दादा, फर्स्ट ऑफिसर कळव्याची कॉलेजात जाणारी मुलगी. नुकसान झालेलं मालवाहू जहाज समोर, आणि दादा पुन्हा एकदा म्हणाला, ‘जाऊ दे, पुढचं बघू.’ ती उठली. फोमचा सुरा तिने नकाशावर ठेवला, दादाचे डाइस आणि चहाचा कप यांच्या मधोमध, मूठ त्याच्याकडे, पातं स्वतःकडे. म्हणाली, ‘कॅप्टन, जहाज थकलेलं नाही. तुम्ही थकलात का?’ ‘तुम्ही’ होतं, म्हणजे अजून आव्हान नव्हतं. हे टेबलवरच्या प्रत्येकाला कळलं आणि फरसाणाच्या ताटलीकडे गेलेले हात थांबले. दादाने कप बाजूला सरकवला, सुरा उचलून मुठीकडून तिला परत दिला आणि पायलटला म्हणाला, ‘वळव.’ एकही डाइस पडला नाही. तिने त्या दिवशी ज्या तऱ्हेने ती खुर्ची वापरली, तशी जुन्यांनाही जमलेली नव्हती.

पायरी 6: आव्हान द्यायची वेळ आलीच तर

तोंडावर द्या. विष नाही, पाठीत वार नाही, झोपेत नाही. कम्पेक नावाच्या चान्सलरला कुणीतरी वाइनमधून थोडं थोडं विष देत असतं. मरता मरता त्याची चीड मरणाबद्दल नसते, मारणारा चेहरा दाखवत नाही याबद्दल असते. जीएमला गुपचूप चिठ्ठी पाठवून कॅप्टनच्या पेल्यात काही मिसळणारे खेळाडू असतात. त्यांच्यासाठी इतर बरेच खेळ आहेत.

आरोप एका वाक्यात सांगा, सगळ्यांसमोर. ‘तू मला आवडत नाहीस’ हा आरोप नाही. ‘तुझ्या हुकमामुळे आपले लोक मागे राहिले आणि तू वळला नाहीस’ हा आहे. कॅप्टनला उत्तराची संधी द्या, कारण कधी कधी उत्तर चांगलं असतं आणि तुम्हाला ‘तू’ गिळून त्याची किंमत मोजावी लागते. हत्यार दोघांचं सारखं. बाकीच्यांनी मध्ये पडायचं नाही. हे सगळं जीएमला आधी कळवू नका, फक्त खेळायला वेळ उरलाय ना तेवढं घड्याळात बघा. निघायच्या घाईत केलेलं द्वंद्व म्हणजे दोन्हीकडून वाया.

पायरी 7: हरायची तयारी

वॉर्फ मार्टोकला आव्हान देतो. झुंज सुरू होते, आणि मध्येच त्याला दिसतं की मार्टोकच्या डोळ्यात जुनी आग परत आली आहे. मग तो मुद्दाम बाजू उघडी टाकतो. मार्टोकचा सुरा बसतो, लोक आरोळी ठोकतात, जहाज हद्द ओलांडून लढायला निघतं. वॉर्फला कॅप्टनपद नकोच होतं. त्याला कॅप्टन हवा होता. नंतर मार्टोक त्याला स्वतःच्या घराण्यात घेतो.

रायकरचंही तेच, वेगळ्या वाटेने. तो युक्तीने कार्गनला जहाजावरून हलवतो, ताबा घेतो, संकट टळतं. कार्गन परत आल्यावर रायकर हुज्जत घालत नाही. ताठ उभा राहतो, एक सणसणीत ठोसा खातो, आणि त्या ठोशाने कार्गनची गेलेली इभ्रत त्याला लोकांसमोर परत मिळते.

टेबलवर हे जमायला वेळ लागतो, कारण डाइस जिंकत असताना हरायचं असतं. आम्ही त्यासाठी घरचा नियम केलाय: फर्स्ट ऑफिसरचा रोल, म्हणजे डाइसवरचा आकडा, जास्त आला तरी त्याने ‘बाजू उघडी’ असं म्हटलं की वार त्याच्यावर बसतो. तो शब्द ऐकू आल्याचं कॅप्टनच्या पात्राने दाखवायचं नाही. कळलेलं असतं, ती गोष्ट वेगळी.

काही बाहेरच्या गोष्टी

हत्यारं फोमची. जुनी योगा मॅट कापून, पुठ्ठ्याचा कणा घालून, चंदेरी रंग मारला की मेकलेथ, म्हणजे क्लिंगॉनांची आखूड तलवार, तयार होतो. धातूचं पातं आणू नका, शोपीस असलं तरी. लोकलमध्ये पोलिसांना क्लिंगॉन परंपरा समजावत बसायची वेळ येईल. बॅटलेथ, म्हणजे दोन हातांनी धरायची त्यांची वाकडी तलवार, मोठा असतो, त्याला जुनी चादर गुंडाळा.

कपाळाचे कंगोरे लेटेक्सचे करायची हौस मे महिन्यात करू नका. ठाण्याच्या घामात गम टिकत नाही. फोमचा पट्टा केसांच्या बँडला शिवलेला बरा, चहा पिताना काढता येतो.

खाणं: ब्लडवाइन या क्लिंगॉन दारूऐवजी कोकमाचं आगळ, पाणी बेताचं. गाख म्हणजे जिवंत किडे. त्याला आम्ही तिखट शेवया करतो. मासे खाणारे असतील तर चेंदणी कोळीवाड्याकडून येणारी एक काकू जवळा परतून आणते, आणि तो डब्यात बघितला की नवख्यांचा चेहरा अगदी पागवरच्या पहिल्या जेवणासारखा होतो. रायकर सगळं खातो, लक्षात ठेवा.

भाषा येणं गरजेचं नाही. मार्क ओकरँडने रचलेल्या क्लिंगॉन भाषेचा शब्दकोश 1985 साली आला, आणि त्यातले ड आणि ष मराठी जिभेला आपसूक येतात, इंग्रजी बोलणारे त्यावर घाम गाळतात. ‘क्लाप्ला’ म्हणू नका एवढंच. यश चिंतायची ती आरोळी ‘काप्ला’, आणि सुरुवातीचा क घशाच्या तळातून, घसा खाकरल्यासारखा.

आरोळ्या रात्री दहाच्या आत. नंतर सोसायटीचा सेक्रेटरी वर येतो आणि त्याला द्वंद्वाचं आव्हान देता येत नाही.

नेरुळ-वाशीकडून येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीच मेगाब्लॉक बघून ठेवावा. ट्रान्स-हार्बर बंद असेल आणि यायला जमणार नसेल, तर निरोप कॅप्टनला नको, सेकंड ऑफिसरला द्या. त्या दिवशी तुमची खुर्ची तोच सांभाळणार आहे, आणि पुढच्या रविवारी ती त्याच्याकडून परत कशी घ्यायची ते पायरी 3 मध्ये आहे.